परतीचे तिकीट

दिवाळी अंक उघडला आणि त्यात प्रवासवर्णन नाही, असे सहसा होत नाही. चिवड्यात खोबऱ्याचे काप असायचेच, तसे अंकात एखादे युरोप-अमेरिकेचे वर्णन असायचेच. आणि खरे सांगायचे तर ते आपण सारे आवडीने वाचतो. फराळाची बशी मांडीवर घेऊन आल्प्सचा बर्फ पाहण्यात एक निराळीच मौज आहे. थंडी वाजत नाही, व्हिसा लागत नाही आणि चकलीही मऊ पडत नाही.

माझी तर जगाशी ओळखच या वाटेने झाली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, नोकरी कोकणातल्या एका गावच्या शाळेत, आणि माझ्या कादंबऱ्यांतली माणसेही फार तर मुंबईपर्यंत जातात. परदेश मी पाहिलेला नाही. पण परदेशावरची मराठी पुस्तके मात्र हाताला लागतील तेवढी वाचली आहेत, आणि ती वाचता वाचता एक गोष्ट खटकू लागली. परदेश पाहून आलेल्यांनी मराठीत पुष्कळ लिहिले आहे. परदेशात संसार मांडून राहिलेल्यांचे लेखन त्या मानाने थोडे. आणि जे आहे त्यातही घराच्या आतले फारच थोडे. असे का व्हावे, आणि त्यामुळे आपले काय हुकले, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

पाहणारा आणि राहणारा यांच्यातला फरक मला परतीच्या तिकिटात दिसतो. ज्याच्या खिशात ते तिकीट आहे, त्याला बेचव जेवण मिळाले तर त्याचा एक किस्सा होतो. ज्याच्या खिशात ते नाही, त्याला तेच जेवण उद्या, परवा आणि पुढच्या वर्षीही जेवायचे असते. त्याचा किस्सा होत नाही, त्याची सवय होते. किश्शांचे पुस्तक चटकन होते. सवयीचे पुस्तक लिहिणे कठीण, कारण सवय एकदा अंगी मुरली की ती आपली आपल्यालाच दिसेनाशी होते.

आता आपल्या सर्वांच्या आवडीचे पुस्तक घेऊ. पु. ल. देशपांडे दूरचित्रवाणीच्या शिक्षणासाठी १९५८ साली लंडनला गेले आणि त्या प्रवासातून 'अपूर्वाई' (१९६०) आले. त्याआधी अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) येऊन गेले होते. पण मराठी घराघरात परदेश नेऊन बसवला तो 'अपूर्वाई'नेच. या पुस्तकाचे मोठेपण माझ्या मते त्यातल्या मापात आहे. पु. ल. बाहेरचे सगळे घरच्या मापाने मोजतात. त्यांच्या हाती गिरगावचा शेर असतो आणि समोर लंडन असते. शेर लहान पडतो, कधी लंडनच लहान पडते, आणि दोन्ही वेळा आपल्याला हसू येते. पण हा शेर त्यांच्या हाती शाबूत राहतो, कारण लवकरच घरी परतायचे आहे हे त्यांना ठाऊक आहे, आणि आपल्यालाही ठाऊक आहे. जो पंधरा-वीस वर्षे तेथे राहतो, त्याच्या हातातला शेरच हळूहळू बदलतो. तो सुट्टीत घरी आला म्हणजे त्याला आपले रस्ते अरुंद वाटू लागतात, आणि तसे वाटल्याची लाजही वाटते. ती लाज हा राहणाऱ्याचा विषय आहे. प्रवासवर्णनात तिला जागा नाही, आणि तशी जागा नसणे हा प्रवासवर्णनाचा दोषही नाही. दोष असेल तर आपला, की प्रवासवर्णन वाचून आपण परदेश वाचला असे धरून चालतो.

तेव्हा राहणाऱ्याचे लेखन पाहायचे कोठे? मला ते प्रथम भेटले पत्रांत, आणि तेही जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच्या.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८. सोबत घरचे कोणी नाही. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. ही हकीकत शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. वर्गात मीही ती सांगतो, आणि सांगताना नकळत छाती पुढे काढतो. पण काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या आनंदीबाईंच्या चरित्रातील पत्रे वाचली, तेव्हा त्या पाठ हकीकतीच्या मागे एक खोली दिसली. त्या खोलीतली शेगडी धड चालत नाही. पेटवली तर खोलीभर धूर, विझवली तर थंडी. दोहोंतले एक निवडायचे. नऊवारी नेसले तर पाय उघडे पडतात, म्हणून गुजराती पद्धतीने लुगडे नेसायचे ठरते, आणि एवढ्याशा गोष्टीचा खुलासा हजारो मैलांवरच्या पतीला पत्राने करावा लागतो. कारण निघण्यापूर्वी सेरामपूरच्या सभेत त्यांनी सांगितले होते की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. दूर बसलेल्या माणसांना हे वचन पाळले जाते की नाही, ते लुगड्याच्या निऱ्यांवरूनच तेवढे तपासता येत होते!

प्रवासी धुराच्या शेगडीवर एक मजेदार परिच्छेद लिहून दुसऱ्या हॉटेलात गेला असता. आनंदीबाईंना त्याच खोलीत शरीरशास्त्र पाठ करायचे होते. या फरकामुळे पत्रांतील वाक्यांना एक वजन येते. ती वाक्ये साधी आहेत. त्यांत उपमा नाहीत, वाचकाला खूष करण्याची खटपट नाही. ती एकाच माणसाला उद्देशून आहेत, आणि तो माणूस लिहिणारीला नखशिखांत ओळखतो. त्याला खोटे सांगून भागत नाही.

याच पत्रांत आणखी एक गोष्ट घडते, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. गोपाळरावांनी आनंदीबाईंना शिकवले, शिक्षणासाठी पुढे ढकलले, हे जितके खरे, तितकेच त्यांनी त्या पोरवयाच्या पत्नीला मारहाण केली हेही खरे. दहाव्या वर्षी लाकडाचे तुकडे, बाराव्या वर्षी फेकून मारलेली पुस्तके आणि खुर्च्या, टाकून जाण्याच्या धमक्या, हे सारे आनंदीबाईंनी एका पत्रात पतीलाच लिहिले आहे. आकांडतांडव नाही, शिव्याशाप नाहीत. तुमची ती वागणूक बरी होती की वाईट, हे ठरवणे कठीण आहे अशा सुरात त्यांनी हिशेब मांडला आहे. विचार करा, हे पत्र कल्याणच्या घरात लिहिले गेले असते काय? माजघरातून ओसरीपर्यंत जे बोलता आले नाही, ते अमेरिकेतून हिंदुस्थानापर्यंत बोलता आले. घरापासून दूर गेल्याने घर दिसले. परदेशात राहण्याने माणसाला परदेश कितीसा कळतो कोण जाणे. आपले घर मात्र कळते. राहणाऱ्याच्या लेखनाकडून मी अपेक्षा करतो ती याची.

श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' (१९६८) ही कादंबरी आपल्या घरांतून भक्तीने वाचली गेली, तिचे नाटक झाले, आणि त्याच नावाचा चित्रपटही २०१९ साली येऊन गेला. मी कादंबरीकार आहे, म्हणून जोश्यांच्या कसबापुढे नम्रच आहे. पण कादंबरीचे नावच सांगते की तिचा विषय ते जोडपे आहे. अमेरिका तेथे या जोडप्याच्या गोष्टीतला एक टप्पा म्हणून येते. कादंबरीला गोष्ट पुढे न्यायची असते, तर पत्राला फक्त आजचा दिवस लिहायचा असतो. परक्या गावातला दिवस कसा कंठला हे हवे असेल, तर कादंबरीवरून पुन्हा पत्रांकडेच जावे लागते.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला एक मराठी बाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. त्या म्हणजे त्यांच्या दूरच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई. रमाबाई पुढे १८८८ च्या अखेरीपर्यंत अमेरिकेतील गावोगाव हिंडल्या, व्याख्याने दिली, हिंदुस्थानातील विधवांच्या शाळेसाठी पैसा जमवला. परत येताच त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि त्याच वर्षी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक प्रसिद्ध केले. नाव लांबलचक आहे, पण प्रामाणिक आहे. लोकस्थितीला त्यात प्रवासापेक्षा अधिक जागा आहे. राज्यकारभार, घरसंसार, शिक्षण, धर्मपंथ, व्यापार, स्त्रियांची स्थिती अशी प्रकरणे मांडून त्यांनी एक देशच्या देश उलगडून दाखवला आहे. जेथे त्या देशाचे चुकते, तेथे त्या तसे सांगायलाही कचरत नाहीत. काळ्या लोकांच्या वाट्याला आलेला अन्याय त्यांच्या नजरेतून सुटत नाही. इतकी स्वच्छ नजर त्या काळी कितीजणांपाशी होती?

असे असूनही पुस्तक मिटले की रुखरुख राहते. या पानांत अमेरिका आहे, पण रमाबाई कोठे आहेत? पदरी लहान मुलगी, पती वारलेले, धर्म बदललेला, आणि परत गेल्यावर आपल्याच लोकांत कोण जवळ करील याची खात्री नाही, अशी ही बाई रात्री दिवा मालवताना काय विचार करीत असेल? पुस्तकात ते नाही. ते सापडते त्यांच्या इंग्रजी पत्रव्यवहारात, जो १९७७ साली ग्रंथरूपाने बाहेर आला. इंग्लंडमधील वॉन्टेजच्या मठातल्या ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांनाही रमाबाईंचे मांस आणि अंडे वर्ज्य करणे खुपत असे. ख्रिस्ती झाल्यावरही ही जातीची आढ्यता कशाला, असे त्यांचे म्हणणे. आणि रमाबाई आपल्या ताटावरचा हक्क सोडायला तयार नव्हत्या. धर्म बदलला, देश बदलला, पण ताट बदलले नाही. परदेशातल्या राहण्याचे खरे युद्ध बहुधा अशा ताटांवरच होते. मराठी वाचकासाठी लिहिताना रमाबाईंनी हे युद्ध बाजूला ठेवले, याचे कारण मी समजू शकतो. त्यांना समाज जागा करायचा होता, स्वतःचे गाऱ्हाणे सांगायचे नव्हते. पण पुढच्या शंभर वर्षांत आपल्या चांगल्या लेखकांनीही हाच पायंडा पाळला. देश सविस्तर सांगितला आणि स्वतःला वगळले.

पायंडा मोडणारे एक पुस्तक मला दिसते, ते धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' (१९२४). गोव्यातील साखवाळच्या या माणसाने बुद्धाच्या ओढीने घर सोडले. मागे पत्नी आणि तान्ही मुलगी. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी पायपीट करून पुढे १९१० साली ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पोचले, 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी. कोसंबी स्वतःला वगळत नाहीत आणि सजवीतही नाहीत. घर सोडल्याचे सांगताना ते वैराग्याचा झगा पांघरीत नाहीत. भाषा इतकी साधी की माझ्या सातवीतल्या मुलांनाही समजावी. या साधेपणामुळेच आपल्याला प्रश्न विचारण्याचे धैर्य होते: जो गेला त्याची हकीकत कळली, पण त्या घरात मागे राहिलेल्या बाईंची ती वर्षे कशी गेली?

हा प्रश्न मराठी रंगभूमीने फार वर्षांनी विचारला. अमेरिकेने १९६५ साली बाहेरच्या लोकांना वस्तीसाठी घेण्याचा कायदा बदलला आणि आपले डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागले. पाठोपाठ सत्तरच्या दशकात जयवंत दळवी यांचे 'संध्याछाया' आले. मुलगा अमेरिकेत आहे, तेथलाच झाला आहे, दुसरा सैन्यात, आणि घरात नाना-नानी दाराकडे डोळे लावून बसले आहेत. हे नाटक पाहून डोळे पुसत घरी न गेलेला प्रेक्षक विरळा. दळवींनी रिकाम्या घराला आवाज दिला, ही त्यांची मोठीच कामगिरी. तरी एक शंका नोंदवतो. त्या नाटकाने आम्हां वाचक-प्रेक्षकांना एक सोपी सवय लावली. परदेशी मुलगा म्हटला की तो कृतघ्न, आणि मागे राहिलेले आईबाप म्हटले की बिचारे! नाटकात तो मुलगा दूरच राहतो. त्याची धुराची शेगडी आपल्याला कोणी दाखवीत नाही. जाणाऱ्याचे कौतुक प्रवासवर्णनाने केले आणि राहणाऱ्याचे दुःख नाटकाने मांडले. या दोघांना एका ताटात वाढणारे पुस्तक अजून मराठीत यायचे आहे.

तिकडे गेलेल्या मंडळींनी काही केले नाही असे मात्र कोणी समजू नये. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांची एकत्र संस्था १९८१ साली उभी राहिली, १९८४ साली शिकागोला तिचे पहिले अधिवेशन भरले. लंडनमध्ये दीर्घकाळ राहिलेल्या मीना प्रभूंनी 'माझं लंडन' लिहिले; रहिवाशाच्या बारीक माहितीने भरलेले ते पुस्तक मला आवडते, जरी त्याचा रोख शहर दाखवण्याकडे अधिक आहे. गणपती, नाटक, मराठी शाळा हे सारे तेथे आहे. पण उत्सवात माणूस जरीकाठाचे नेसून येतो. साहित्याला त्याचे घरातले जुनेर पाहायचे असते.

आणि ज्यांना लिहिताच येत नव्हते त्यांचे काय? एकोणिसाव्या शतकात मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करार करून गेलेल्या मजुरांत आपल्या कोकणपट्टीतली माणसेही होती. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर असे मजूर उतरत, तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा म्हणून जपला जातो. सरकारी नोंदवह्यांत त्या मजुरांची नावे आहेत, वये आहेत, बोटींची नावे आहेत. कचेरीने त्यांच्याविषयी लिहून ठेवले. त्यांना स्वतः जे लिहावेसे वाटले असेल ते त्यांच्याबरोबरच गेले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी मराठी गाणी आणि सण जपले, एवढेच काय ते पत्र आपल्यापर्यंत पोचले आहे.

आमच्या भागातली माणसे पुढे कुवेत, दुबई, बहरीनला गेली. माझ्या लहानपणी त्यांची पत्रे कधी कधी कॅसेटवर येत. ज्याला लिहिण्याचा कंटाळा तो टेपरेकॉर्डरपुढे बसून बोलायचा, आणि इकडे सारे घर ओटीवर जमून ऐकायचे. मध्येच बोलणारा गप्प होई. फीत फिरत राही, मागे पंख्याचा आवाज येई, आणि घरातले कोणी 'बंद पडले की काय' असे विचारीत नसे. त्या गप्प राहण्यात जे होते ते मराठी कथेत मला अजून सापडलेले नाही. मी स्वतः ते लिहू पाहिले. पण बाप परदेशी असलेल्या मुलाचे मन मला माझ्या वर्गातल्या बाकांवरून जेवढे दिसते तेवढेच दिसते. ते काम त्या बाकांवरून उठून गेलेल्यांपैकी कोणीतरी करायला हवे.

कोणी म्हणेल, पत्रांवर इतका विश्वास कशाला? पत्रांतही माणसे खोटे लिहितात. 'मी येथे खुशाल आहे' हे मराठीतले सर्वांत जास्त वेळा लिहिले गेलेले असत्य असावे. हे मला मान्य आहे. पण त्या असत्यालाही किंमत आहे, कारण ते कोणाची तरी काळजी करून लिहिलेले असते. आईपासून आजारपण लपवणाऱ्या मुलाच्या पत्रात, जे लिहिले नाही तेही वाचता येते. प्रवासवर्णनात वगळलेली गोष्ट कायमची नाहीशी होते. पत्रात मात्र ती दोन ओळींच्या मधल्या जागेत शिल्लक राहते, आणि आई ती बरोबर ओळखते.

आता पत्रे गेली. रोज संध्याकाळी नातवंडे फोनच्या पडद्यावर दिसतात, आजीला पडलेला दात दाखवतात, आणि याचा आनंद न मानणारा माणूस करंटा. आनंदीबाईंना अशी एक संध्याकाळ मिळाली असती तर! पण पडद्यावरचे बोलणे मागे काही ठेवीत नाही. चाळीस वर्षांनी कोणाला विचारावेसे वाटले, की आपला आजा टेक्सासमध्ये किंवा शारजात पहिली दिवाळी कशी जगला, तर उघडून पाहायला काय असणार?

आनंदीबाई परत आल्या त्या क्षय घेऊनच. कोल्हापूरच्या दवाखान्यातली जागा त्यांची वाट पाहत होती. ती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या कार्पेंटरबाईंनी अमेरिकेत त्यांना मायेने घरात घेतले, त्यांच्याकडे पुढे त्यांच्या अस्थी पाठवण्यात आल्या, आणि न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी येथील दफनभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत त्या विसावल्या. परतीचे तिकीट खरे ठरूनही त्यांचा एक अंश तेथलाच झाला. हा विलक्षण शेवट एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला अतिरेक म्हटले असते. आज आपण आनंदीबाईंना नुसती तसबीर म्हणून न ओळखता बाई म्हणून ओळखतो, ते कोणीतरी त्यांची पत्रे जपून ठेवली म्हणून.

दिवाळीच्या आधी आपण घरे झाडतो. माळ्यावरची ट्रंक खाली येते. तिच्यात निळ्या विमानपत्रांचा एक गठ्ठा असतो, वाळवी लागलेला, सुतळीने बांधलेला. आणि दारात रद्दीवाला उभा असतो. या वर्षीची झाडलोट झाली असेल, तरी गठ्ठा अजून घरात असल्यास एवढे करा: फराळ झाल्यावर त्यातले एक पत्र सर्वांना मोठ्याने वाचून दाखवा. ज्याने ते लिहिले तो जवळ असेल तर त्याला विचारा, की तेव्हा खुशाल आहे म्हणून लिहिलेत, पण खोली कशी होती? आणि तो जे सांगेल ते, जसे सांगेल तसे, कोणीतरी एका वहीत उतरवून घ्या.